तांब्याला ओरखडा नको: वायर सोलायचं हत्यार कसं निवडावं

दीड एमएमच्या वायरचा वीतभर तुकडा घ्या. नेहमी वापरता त्याच हत्याराने टोकाचं कोटिंग सोला, तारा मोकळ्या करा आणि एकेक करून मोजा. कॉइलच्या लेबलवर २२/०.३ लिहिलेलं असेल, तर ०.३ मिलिमीटर जाडीच्या बावीस तारा भरायला हव्यात. कमी भरल्या, तर राहिलेल्या तारा सोललेल्या कोटिंगच्या नळीत सापडतील. त्या तुमच्या हत्याराने तोडल्या.

एवढी एक मोजणी शिकलात की स्ट्रिपर निवडण्याचं निम्मं काम झालं. नवीन मुलं दुकानात जाऊन विचारतात, 'पटकन सोलणारा कोणता?' पटकन सगळेच सोलतात, ब्लेडही आणि दातही. विचारायचं ते असं की कोटिंग निघाल्यावर आतलं तांबं जसंच्या तसं राहतं का.

हेल्पर असताना एका फ्लॅटमध्ये गीझरच्या पॉइंटचं काम माझ्याकडे होतं. अडीच एमएमची वायर, लेबलप्रमाणे ३६ तारांची. माझ्याकडे स्ट्रिपर नव्हता, म्हणून साइड कटरने, म्हणजे तार कापायच्या पकडीने, दाबून ओढली. टोक स्क्रूखाली घातलं, पॉइंट चालू झाला. काही महिन्यांनी सॉकेट काळं पडल्याची तक्रार आली. मिस्त्रींनी सॉकेट उघडून वायर माझ्या हातात दिली. निम्म्याच्या आसपास तारा कोटिंगच्या कडेशी तुटलेल्या होत्या, उरलेल्या स्क्रूखाली सैल. दोन किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो. अडीचची वायर तेवढं आरामात वाहते, पण अर्ध्या तारांची सैल पकड ते झेलत नाही. जोड तापतो, तापून आणखी सैल होतो, आणि शेवटी प्लास्टिक वितळतं. त्या घरात लहान मूल होतं. तेव्हापासून मी तारा मोजतो आणि हाताखालच्या प्रत्येक मुलाकडून मोजून घेतो.

आधी वायर ओळखा, मग दुकानात जा

घरगुती वायरिंगमध्ये हाताखाली येणारी मापं थोडीच आहेत. लाइट-पंख्याला १ किंवा १.५, प्लग आणि पॉवर पॉइंटला २.५, एसी, मोठा गीझर किंवा मेनला ४ आणि ६. बोलताना आपण 'दीड एमएम, अडीच एमएम' म्हणतो, पण ते चौरस मिलिमीटर असतात, म्हणजे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ. जाडी वेगळी. नवखा माणूस इथेच फसतो आणि ४ च्या वायरसाठी ४ मिलिमीटरचं भोक शोधतो. बारीक तारांच्या मऊ वायरमध्ये तांब्याच्या जुडीची जाडी साधारण अशी येते: दीडची १.६ मिलिमीटर, अडीचची २.१, चारची २.६ आणि सहाची ३.२.

दुसरी गोष्ट कोटिंगच्या जाडीची. घरगुती पीव्हीसी वायरसाठी आपल्याकडे आयएस ६९४ हे मानक आहे. त्याप्रमाणे १ आणि १.५ च्या वायरला कोटिंग ०.७ मिलिमीटर, तर २.५, ४ आणि ६ ला ०.८ मिलिमीटर असतं. म्हणजे तुमच्या हत्याराच्या धारेला जेमतेम पाऊण मिलिमीटर आत शिरून थांबायचं आहे. डोळ्याने किंवा हाताच्या अंदाजाने ते रोज शंभर वेळा साधत नाही. म्हणून थांबा असलेलं हत्यार लागतं.

जुने मिस्त्री अजून 'तीन-बावीस', 'सात-वीस', 'एक-अठरा' असं बोलतात. गोंधळू नका. पहिला आकडा तारांची संख्या, दुसरा तारेचा गेज नंबर, म्हणजे जाडीचा क्रमांक. तीन-बावीस म्हणजे बावीस गेजच्या तीन जाड तारा. जुन्या वाड्यात किंवा चाळीत दुरुस्तीला गेलात की लाकडी पट्टीवर या वायरी भेटतात. तीन-बावीसची एक तार गेली तर तिसरा हिस्सा तांबं गेलं, हे लक्षात ठेवा.

पहिला स्ट्रिपर: स्क्रूवाला साधा

सुरुवातीला एकच हत्यार घ्यायचं असेल तर हेच घ्या. दोन पाती कात्रीसारखी एकमेकांवर सरकतात, प्रत्येकीला व्ही आकाराची खाच असते, मध्ये स्प्रिंग आणि एका दांड्याच्या फटीत सरकणारा स्क्रू. तो स्क्रू म्हणजे थांबा. तो जिथे आवळाल तिथे पाती थांबतात आणि दोन खाचांमध्ये चौकोनी भोक उरतं. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या टपारियाचा असा स्ट्रिपर जवळपास प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, इतर कंपन्यांचेही मिळतात. किंमत एवढी कमी असते की एकाऐवजी दोन घेता येतात, आणि दोन घ्यावेतच. का, ते पुढे सांगतो.

खरेदीला जाताना खिशात १, १.५ आणि २.५ च्या वायरचे वीत-वीतभर तुकडे ठेवा. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गर्दी कितीही असली, तरी दुकानदार दोन मिनिटं तपासू देतो. काय बघायचं?

हत्यार उजेडाकडे धरून मिटवा. दोन्ही खाचा एकाच रेषेत आल्या पाहिजेत. एक वर, एक खाली असेल तर भोक तिरकं होतं आणि वायर एका बाजूने कापली जाते. मग दांडे धरून पाती आडवी हलवून बघा. सांध्यात खेळ असेल तर ते हत्यार परत ठेवा, कारण हा खेळ वापराने वाढतच जातो. स्क्रू आवळून दहा-बारा वेळा जोरात उघडमीट करा आणि तो जागचा सरकला का ते पाहा. स्प्रिंग फार कडक नको. दिवसभरात शेकडो टोकं सोलायची असतात, संध्याकाळी अंगठ्याच्या मुळाशी कळ येते ती कडक स्प्रिंगमुळेच.

शेवटी खिशातला तुकडा सोला आणि तारा मोजा. दुकानदार काहीही म्हणो, मोजा.

स्क्रू कसा लावायचा

बरीच मुलं स्ट्रिपर घेतात आणि स्क्रू कधीच हलवत नाहीत. तो पहिल्या दिवशी जिथे असतो तिथेच राहतो. दीडची वायर सोलताना तारा तुटतात आणि अडीचची सोलताना निम्म्या तुटतात, मग 'स्ट्रिपर बेकार आहे' म्हणून परत दातांकडे वळतात.

सेटिंग असं करा. वायरच्या टोकाचं थोडं कोटिंग ब्लेडने अलगद काढून तांबं उघडं करा. ते उघडं तांबं खाचेत ठेवून हत्यार मिटवा, पाती तांब्याला टेकली की थांबा. आता अगदी केसभर उघडा आणि तिथे स्क्रू आवळा. मग त्याच वायरची कोटिंग असलेली बाजू घालून सोलून बघा. ओढायला फार जोर लागला तर किंचित आत घ्या, तारेवर चमकदार रेघ दिसली तर किंचित बाहेर. दोन-तीन प्रयत्नांत जागा सापडते.

इथे एक गोष्ट मनात पक्की करा: कोटिंग पूर्ण कापायचं नसतं. पाऊण मिलिमीटरपैकी बरंचसं कापायचं आणि उरलेला पापुद्रा ओढून तोडायचा. पीव्हीसी खाच पडलेल्या जागी सरळ तुटतं. धार तांब्यापर्यंत पोचण्याची गरजच नाही.

सोलताना हत्यार वायरला काटकोनात धरा. दाबा, मनगट थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे फिरवा म्हणजे खाच सगळीकडून पडेल. मग वायर धरलेल्या हाताच्या अंगठ्याने हत्याराच्या पात्याला बाहेर रेटा. हिसका देऊ नका. हिसक्याने तारांचा पीळ सुटतो, आणि शिडीवर उभे असाल तर तोलही जातो.

आता दोन स्ट्रिपर का, ते. कामावर दर पाच मिनिटांनी दीड आणि अडीचमध्ये अदलाबदल होते. प्रत्येक वेळी स्क्रू कोणी हलवत नाही, मीही नाही. म्हणून एक दीडला लावून ठेवा, दुसरा अडीचला, आणि दांड्याला वेगवेगळ्या रंगाची टेप गुंडाळा. माझ्याकडे दीडचा लाल टेपचा आहे, अडीचचा पिवळ्या. हात आपोआप बरोबर हत्याराकडे जातो.

भोकांचा स्ट्रिपर घेताना आकडे नीट वाचा

दुसरा प्रकार म्हणजे एकाच पात्यात ओळीने वेगवेगळी भोकं असलेला. स्क्रूची भानगड नाही, वायरप्रमाणे भोक निवडायचं. चांगल्या प्रतीचा असेल तर अतिशय स्वच्छ काम देतो. मात्र ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच स्ट्रिपरवर अमेरिकन गेजचे आकडे असतात: १०, १२, १४, १६, १८. त्यात आकडा वाढला की वायर बारीक होते. १६ नंबर म्हणजे १.३१ चौरस मिलिमीटर, १४ म्हणजे २.०८, १२ म्हणजे ३.३१. आपली दीडची वायर १६ आणि १४ च्या मध्ये पडते, अडीचची १४ आणि १२ च्या मध्ये. मध्ये पडली की नेहमी मोठं भोक घ्या: दीडला १४ चं, अडीचला १२ चं. थोडा जोर जास्त लागेल, पण तारा शाबूत राहतील. शक्य असेल तर चौरस मिलिमीटरचे आकडे छापलेलाच घ्या म्हणजे हा हिशोब डोक्यात ठेवावा लागणार नाही.

काही हत्यारांवर एकाच भोकाला दोन आकडे असतात, एक सिंगल जाड तारेसाठी आणि एक बारीक तारांच्या जुडीसाठी. जुडी त्याच क्षेत्रफळाच्या सिंगल तारेपेक्षा थोडी जाड भरते, म्हणून हा फरक. आपल्या मऊ वायरला जुडीचा आकडा बघायचा.

ऑटोमॅटिक कधी घ्यावा

पिस्तुलासारखा धरायचा, एकदा दाबला की एक जबडा वायर पकडतो, दुसरा कोटिंग कापतो आणि दोघे लांब सरकून टोक मोकळं करतात. बघायला छान वाटतं आणि डीबी, म्हणजे घरातली वीज वाटणारी एमसीबीची पेटी, भरताना, पॅनेलच्या कामात, एका जागी बसून दोनशे टोकं सोलायची असतात तेव्हा हात वाचवतो. आत लांबीचा थांबा असतो, त्यामुळे सगळी टोकं सारखी येतात. अशा कामाला मी तोच वापरतो.

पण पहिलं हत्यार म्हणून तो घेऊ नका. मॉड्युलर बोर्डाच्या खोल पेटीत वायर चार बोटंच बाहेर असते, तिथे त्याचं मोठं तोंड शिरत नाही. तो स्वतः माप ओळखतो असं डब्यावर लिहिलेलं असतं, पण ते ठरावीक जाडीच्या पीव्हीसी कोटिंगसाठी खरं असतं. कमी धूर सोडणाऱ्या किंवा हॅलोजन नसलेल्या कोटिंगच्या वायरवर काही हत्यारं घसरतात, काही नीट न तोडता ताणतात. अशी वायर हातात आली की ताण देणारा छोटा स्क्रू फिरवून वेगळं सेटिंग करावं लागतं. स्वस्त नकलेचे दात पहिल्या काही कॉइलमध्येच गुळगुळीत होतात, मग वायर पकडीतून निसटते. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे पहिल्या दिवसापासून ऑटोमॅटिक हातात असला की कोटिंग किती खोल कापलं जातंय याची जाणीव बोटांना होत नाही. ती जाणीव साध्या स्ट्रिपरवर येते. सहा महिने तो वापरा, मग घ्या.

चाकू, कटर, पक्कड

आयटीआयच्या वायरमन आणि इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये दोन पात्यांचा चाकू शिकवतात. धारदार पातं कोटिंग सोलायला, दुसरं खरखरीत पातं तांब्यावरचा मळ-काट घासायला. स्ट्रिपर आल्यावर तो पेटीच्या तळाशी जातो, पण जाऊ देऊ नका. ६ च्या वरची वायर, मोटरची केबल, जिथे स्ट्रिपरचं तोंड पुरत नाही तिथे चाकूच लागतो. फक्त वायरभोवती गोल काप घ्यायचा नाही. पेन्सिल तासतो तसं पातं जवळजवळ आडवं धरून, स्वतःपासून दूर, कोटिंगचे पापुद्रे काढत जायचे. गोल काप घेतला की तांब्यावर कडं पडतं, आणि वाकवताना वायर नेमकी तिथे तुटते.

तीन-कोर लवचिक केबलचं बाहेरचं जाकीट काढायला, कामाचं प्रमाण जास्त असेल, तर जाकीट कापायचा वेगळा चाकू घ्या. त्यात केबल आकडीत अडकवतात आणि आतलं छोटं पातं स्क्रूने खोली ठरवून गोल फिरतं. साध्या ब्लेडने जाकीट चिरताना आतल्या तीनपैकी एका वायरच्या कोटिंगवर चीर पडते, ती दिसत नाही आणि पाणी लागलं की शॉक देते. पंप, कूलर, वॉशिंग मशीन अशा ओल्या जागच्या कामात याची फार काळजी घ्या.

साइड कटर आणि पक्कड कापण्यासाठी आणि पीळ देण्यासाठी आहेत. जुने मिस्त्री पक्कडीच्या धारेने अलगद दाबून सफाईने सोलतात, ते खरं आहे. त्यांच्या हातात वीस-पंचवीस वर्षांची सवय आहे. ते बघून तुम्ही तसं सुरू करू नका.

दातांनी सोलणं तर पूर्ण बंद. दाताचा टवका उडतो, तोंडात प्लास्टिकचा भुगा जातो, आणि कोणाला तरी ती वायर मृत आहे असं वाटलेलं असतं आणि ती नसते. लायटरने कोटिंग जाळून काढणंही बंद. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो, तो छातीत जातो, आणि तांबं काळं पडून जोड खराब होतो.

हँडलच्या प्लास्टिकवर भरवसा किती

दांड्यावरचं रंगीत प्लास्टिक बहुतेक वेळा पकडीसाठी असतं. विजेपासून संरक्षण देणाऱ्या हत्यारावर दोन त्रिकोण एकमेकांत अडकवलेलं चिन्ह आणि १००० व्होल्ट असा छाप असतो. तशी हत्यारं आयईसी ६०९०० या मानकाप्रमाणे १०,००० व्होल्टवर तपासतात. छाप नसेल तर ते प्लास्टिक म्हणजे फक्त प्लास्टिक.

आणि छाप असला तरी चालू वायर सोलायची नाही. एमसीबी पाडा. टेस्टर आधी दुसऱ्या चालू पॉइंटवर लावून तो पेटतो याची खात्री करा, मग कामाच्या वायरवर लावा, मग परत चालू पॉइंटवर. न्यूट्रल म्हणून काळ्या वायरवर विश्वास ठेवू नका, आधीच्या माणसाने रंग पाळलेच असतील असं नाही. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन पाडला तरी काही पॉइंट जिवंत राहतात, ते वेगळे तपासा.

किती सोलायचं

बऱ्याच स्विच-सॉकेटच्या पाठीवर किंवा एमसीबीच्या अंगावर सोलण्याची लांबी रेघ काढून किंवा आकड्यात दिलेली असते. तिच्याशी वायर लावून बघा. नसेल तर टर्मिनलच्या भोकात वायर तळापर्यंत घालून बोटाने खूण करा. टर्मिनलच्या बाहेर उघडं तांबं दिसता कामा नये, आणि कोटिंग स्क्रूखाली जाता कामा नये. दुसरी चूक जास्त वाईट, कारण स्क्रू घट्ट लागल्यासारखा वाटतो पण तो प्लास्टिकवर लागलेला असतो.

सोलल्यावर तारांना मूळ पिळाच्याच दिशेने हलका पीळ द्या. १ ची वायर मोठ्या टर्मिनलमध्ये जात असेल तर टोक दुमडून दुप्पट करा. डीबीमध्ये पिन लग, म्हणजे वायरच्या टोकावर चेपून बसवायची धातूची पिन, वापरत असाल तर लगच्या मापाचीच क्रिंपिंग (चेपायची) पक्कड वापरा. साध्या पक्कडीने चेपलेला लग ओढला की निघतो.

सोललेल्या कोटिंगचे आणि तुटलेल्या तारांचे तुकडे डीबीत पडू देऊ नका. केसासारखी एक तार दोन बसबारवर, म्हणजे डीबीतल्या वीज वाहणाऱ्या उघड्या पट्ट्यांवर, आडवी पडली की मोठा भडका होतो. कमरेच्या पिशवीत एक कप्पा त्या कचऱ्यासाठीच ठेवा.

जुन्या वायरीला वेगळा हात

१९७०-८० च्या दशकातल्या काही इमारतींत ॲल्युमिनियमची सिंगल तार सापडते. ॲल्युमिनियम मऊ असतं, ओरखडा पडला की दोन वेळा वाकवताच तुटतं. तिथे स्ट्रिपर एक माप सैल ठेवा. त्याहून जुन्या वायरीचं कोटिंग कडक होऊन बिस्किटासारखं फुटतं. सोलायला गेलात की पेटीच्या आत, भिंतीत, दिसत नाही तिथपर्यंत तडकत जातं. अशा ठिकाणी घरमालकाला स्पष्ट सांगा की ही वायर बदलायची आहे. टोक कापून नवा पॉइंट जोडून निघून येऊ नका, मग बिल कितीही लहान असो.

हत्यार कधी बदलायचं

सांध्यात महिन्यातून एकदा मशीन ऑइलचा थेंब, खाचेतलं चिकटलेलं पीव्हीसी जुन्या टूथब्रशने साफ, आणि स्ट्रिपरने स्क्रू फिरवणं किंवा खिळा कापणं नाही, एवढी निगा पुरते. लोखंडी बाइंडिंग वायर त्याने एकदा कापली तरी खाचेच्या धारेचा टवका उडतो आणि पुढे प्रत्येक वायरच्या त्याच बाजूच्या तारा तुटतात.

नवीन कॉइल उघडली की पहिला तुकडा सोलून मोजायचा. सेटिंग तेच, वायर तीच, तरी बावीसच्या जागी अठरा भरू लागल्या, तर तुमच्या दीडच्या वायरमध्ये आता सव्वा चौरस मिलिमीटरच तांबं उरतंय. खाच साफ करा, स्क्रू परत लावा, पुन्हा मोजा. तरी अठराच आल्या तर त्याच दिवशी नवा स्ट्रिपर आणा आणि जुना पेटीतून काढून टाका, नाहीतर घाईत हात पुन्हा त्याच्याकडेच जातो.